सोळा ऑगस्टचे शून्य

मित्रांनो, माझ्यापाशी कुणी बसत नाही. माझ्यापुढे उभे राहावे लागते. नाचणगावातल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रे लावण्यासाठी केलेला मी जुना लाकडी स्टँड आहे. घराच्या छपरासारख्या दोन उतरत्या बाजू, पेपर अडकवायच्या लोखंडी सळया आणि पाने घसरू नयेत म्हणून खाली ठोकलेली पट्टी, एवढेच माझे शरीर. जे मी पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन. जिथे नुसता संशय आहे, तिथे संशय आहे असेच म्हणेन. पंचावन्न वर्षे छापील कागद अंगावर वागवून एवढे तरी शिकलो आहे.

माझे सागवान आर्वीकडून आले. गावच्याच एका सुताराने मला आठवड्याभरात उभे केले. उंची किती ठेवावी हे त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला हाक मारली, त्याला समोर उभे केले आणि खालची पट्टी त्याच्या छातीला येईल असे माप घेतले. तो माणूस कोण होता, मला माहीत नाही. माझी उंची त्याची आहे.

पेपरांचे गठ्ठे पुलगावच्या स्टेशनावर उतरत. तिथून ते आधी सायकलवर येत, आता मोटारसायकलवर येतात. सातच्या सुमारास शिपाई ते माझ्या सळयांत अडकवतो. दहावीचा निकाल पेपरात छापून येत असे, त्या काळात मला मोठा मान होता. शेकडो बोटे माझ्यावरून बैठक क्रमांक शोधत फिरत. कुणी आनंदाने माझ्यावर थाप मारी, कुणी कपाळ टेकवून उभा राही. पुढे टीव्ही आला, मग मोबाईल आला. गर्दी ओसरली. बक्षिसांच्या कुपनांसाठी कुणी ब्लेडने पेपर कापला, त्याच्या रेघा माझ्या पाठीवर अजून आहेत. एका पायाला वाळवी लागली. पाच वर्षांत कुणी मला तेलाचा हात फिरवला नाही.

तरी सकाळी माणसे येतच राहिली. त्यातल्या दोघांची ओळख तुम्हाला करून देतो.

नत्थूजी पुलगावच्या कापड गिरणीत होते. आता वय झाले आहे. ते घरी पेपर घेत नाहीत, पण सात वाजता माझ्यापुढे हजर असतात आणि मोठ्याने वाचतात. दुसऱ्या मनकर्णाबाई. त्या बाजारात भाजी विकतात. बाजारात जाण्याआधी टोपले व्हरांड्याच्या पायरीवर ठेवतात, शेजारी बसतात आणि ऐकतात. त्यांना वाचता येत नाही. व्हरांड्यात सभासदाचे कार्ड लागत नाही, सही करावी लागत नाही, टोपल्याला कुणी हटकत नाही. आत मात्र चप्पल बाहेर, टोपले बाहेर आणि बोलणे बंद. आतल्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. आत शांतता हवीच.

गेल्या वर्षी वाचनालयाचा कायापालट करायचे ठरले. इमारत गळत होती, हे खरे आहे. वर्ध्याहून हर्षा नावाची तरुण आर्किटेक्ट आली. तिने भिंती मोजल्या, विहिरीत वाकून पाहिले, मग माझ्यापाशी आली आणि बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले.

“सागवान आहे. सुंदर!” ती म्हणाली.

लाकडाची स्तुती करणारा माणूस करवतीपासून फार लांब नसतो, असा माझा अनुभव आहे. मी तेव्हापासून तिच्यावर नजर ठेवली.

ऑगस्टच्या सोळा तारखेला, शनिवारी, ती पावणेसातला वही घेऊन आली. सोबत वाचनालयाचे सचिव भूपेंद्र सर होते. ते कॉलेजात शिकवतात. व्हरांड्याचा वापर किती होतो, ते तिला मोजायचे होते. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. एकही माणूस आला नाही. माझ्या सळया मोकळ्या होत्या.

“आजकाल पेपर वाचतं कोण, मॅडम?” भूपेंद्र सर म्हणाले.

हर्षाने वहीत काहीतरी लहान आणि गोल लिहिले. ते शून्य होते.

मित्रांनो, पंधरा ऑगस्टला पेपरवाल्यांना सुट्टी असते, म्हणून सोळाला पेपर निघत नाही. माझ्या वाचकांना हे पाठ आहे, म्हणून त्या सकाळी कुणी आले नाही. पण वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून मोजायला नेमका हाच दिवस कसा निवडला गेला? भूपेंद्र सरांना व्हरांडा काचेने बंद करायचा होता, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले होते. म्हणून मला संशय आला. माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि तोंड तर कधीच नव्हते.

सप्टेंबरमध्ये नव्या इमारतीचा नकाशा आणि त्याखाली माहितीचा कागद माझ्याच अंगावर चिकटवला गेला. हरकती महिनाअखेरपर्यंत द्यायच्या होत्या. येणारे जाणारे रंगीत चित्र पाहत, “मस्त” म्हणत आणि पेपर उलटत. बारीक अक्षरातला मजकूर आठ दिवस कुणी वाचला नाही. नवव्या दिवशी पेपरवाल्याच्या गाडीचा टायर फुटला आणि पेपर यायला उशीर झाला. नत्थूजींची नजर त्या कागदावर गेली.

“आज कोन गेलं?” मनकर्णाबाईंनी पायरीवरून विचारले. पेपरातली निधनाची पाने त्या सगळ्यात आधी ऐकत.

“आज कोनी नाई गेलं. हे आपल्या वाचनालयाचं हाय.”

“मंग वाचनालय गेलं काय?”

“ऐका तं खरं!” नत्थूजींनी चष्मा सारखा केला. “छतावर सूर्याच्या उजेडावर वीज बनवनार.”

“चांगलं हाय.”

“छपराचं पानी विहिरीत सोडनार.”

“लय चांगलं. उन्हायात विहीर कोरडी ठाक पडते.”

“लहान पोराईसाठी खोली. महिलाईच्या बैठकीसाठी हॉल.”

“मंग मले बी बसता येईन?”

“टोपलं घेऊन नाई.”

“मंग मी कायची महिला?” मनकर्णाबाई हसल्या. “वाचा पुढं.”

नत्थूजी पुढे वाचू लागले आणि त्यांचा आवाज हळू होत गेला. “व्हरांडा. सध्याचा वापर, शून्य वाचक. पाहणी सोळा ऑगस्ट, सकाळी सात ते नऊ. व्हरांडा काचेने बंद करून तिथे अभ्यासिका करावी. वर्तमानपत्रे वरच्या मजल्यावर, सभासदांसाठी. जुन्या स्टँडच्या लाकडाचा पुनर्वापर करावा. प्रवेशद्वारावर नामफलक.”

करवतीचे नाव त्या कागदावर कुठेही नव्हते. तरी मला ते वाचता आले.

“शून्य म्हंजे?” मनकर्णाबाईंनी विचारले.

“म्हंजे तुमी नाई अन् मी बी नाई.”

“अन् हे टोपलं घेऊन बसली हाय ते काय माहं भूत हाय? वरच्या माळ्यावर टोपलं कसं नेऊ मी? बाहेर ठेवलं तं गाय खाऊन जाईन.” त्यांनी कागदाकडे बोट केले. “कोनता दिवस म्हनला?”

“सोळा ऑगस्ट.”

“झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी? अजी, त्या दिवशी पेपर येते काय? तुमीच मले म्हनलं होतं, उद्या नोका येऊ, पेपर नाई. मी सरळ बजारात गेलती!”

नत्थूजींनी तारीख पुन्हा वाचली. रोज वाचणाऱ्यांपैकी कुणाला जे दिसले नव्हते, ते वाचता न येणाऱ्या बाईने ऐकताऐकता पकडले होते. मला महिनाभर ठाऊक होते, पण माझे ठाऊक असणे काय कामाचे!

दहा वाजता भूपेंद्र सर आले. नत्थूजी आणि मनकर्णाबाई तोवर जागचे हलले नव्हते. बाजाराची वेळ टळून गेली होती. नत्थूजींनी कागदावर बोट ठेवून तारीख दाखवली.

“हरकत लेखी द्या, नत्थूजी,” सर म्हणाले. “खाली सभासद क्रमांक टाका.”

“मी सभासद नाई, सर.”

“मग मी ती घेऊ कशी? हरकती सभासदांच्याच घ्यायच्या, असं ठरलंय.”

“सर,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “तुमी त्या दिवशी इथंच होते न? पेपर दिसला नाई, तं तुमाले काईच नाई वाटलं?”

सरांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. “मी यावर वाचतो, बाई. छापील पेपर त्या दिवशी निघाला नाही, हे मला कळलंच नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. ते खोटे बोलत नव्हते. महिनाभर मी कारस्थान शोधत होतो, आणि कारस्थान नव्हते. वाचनालयाच्या सचिवाला पेपर न आल्याचे कळले नव्हते, एवढेच. मला हायसे वाटायला हवे होते. उलट जास्त काळजी वाटली, कारण कारस्थान एकदा उघडे पडले की संपते.

नकाशाच्या कोपऱ्यात हर्षाचा नंबर होता. नत्थूजींनी आपल्या बटनांच्या फोनवरून तो लावला आणि आवाज मोठा केला. त्यांनी सगळे सांगितले.

“सोळाला पेपर नसतो?” हर्षा म्हणाली. “मला वाटलं, लोकच येत नाहीत. काका, हरकत वगैरे नको. माझी मोजणीच चुकली आहे. मी उद्या सकाळी सातला येते, परत मोजते.”

“उद्या नोका येऊ,” नत्थूजी म्हणाले.

“का?”

“सांगून आल्या तं आमी अर्धं गाव गोया करून ठेवू. न सांगता या. अन् एक दिवस नाई, दोन-तीनदा या.”

मनकर्णाबाईंनी नत्थूजींकडे असे पाहिले, जणू ते वेडे झाले आहेत. मला मात्र तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

हर्षा न सांगता तीनदा आली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून तिने मोजले. तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात आली आणि वही उघडून मनकर्णाबाईंच्या शेजारी पायरीवर टेकली.

“आजी, रोज तीसच्या वर लोक येतात. बायका दोनच, त्याही टाचा उंचावून वाचतात. तुम्ही का नाही उभ्या राहत?”

“मले वाचता नाई येत, माय. अन् आलं असतं तरी याची उंची पाह्यली काय? हा गड्याईच्या मापाचा बनवला हाय. मी याच्यापुढं उभी राह्यली, तं माह्या डोक्यावर पेपर येईन, डोयापुढं नाई.”

मित्रांनो, हे वाक्य मला लागले. पंचावन्न वर्षे मी सगळ्यांचा आहे अशा समजुतीत होतो. कोण येते ते मी पाहत होतो. कोण परत फिरते ते पाहिले नव्हते. हर्षावर संशय घेणाऱ्या मला हा संशय स्वतःवर कधी आला नाही.

हर्षाने वहीकडे पाहत विचारले, “वाचकांच्या रकान्यात तुम्हाला लिहिता येत नाही. तुमच्यासारखे आणखी कोण ऐकायला येतात?”

“ऑटोवाला कैलास येते. टपरीवाला येते, पन तो गिऱ्हाईक सोडून येते अन् मंग शिव्या खाते. आमच्या बजारातल्या दोघी येतात, सोमवारी.”

हर्षाने पट्टीने एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिले, “ऐकणारे”.

नवा नकाशा दसऱ्यानंतर आला. जुना काढून तो माझ्या अंगावर चिकटवला गेला. सौर वीज आहे, विहिरीत सोडायचे पाणी आहे, मुलांची खोली आहे. अभ्यासिका मागच्या बाजूला, दाराआड गेली आहे. “समोर काच असती तर फोटो चांगला आला असता,” असे भूपेंद्र सर अजूनही म्हणतात, पण सही त्यांनी केली.

नत्थूजींनी ओळ न ओळ वाचून दाखवली. “व्हरांडा उघडा राहील. वाचक चौतीस, ऐकणारे सात. पायरीशेजारी टोपले ठेवण्यास कट्टा. स्टँड दुरुस्त करून जागेवरच ठेवावा. त्याची एक बाजू कापून खाली घ्यावी.”

म्हणजे करवत येणार, ती येणारच. पण नामफलकासाठी नाही.

“त्या सातात मी हाव काय?” मनकर्णाबाईंनी विचारले.

“हाव न. पह्यलं नाव तुमचंच.”

“मंग ठीक हाय. आता पेपर वाचा. कोन गेलं?”

मित्रांनो, काम अजून सुरू व्हायचे आहे. आज जे आहे ते कागदावर आहे, आणि कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. सकाळी ज्याभोवती गर्दी जमते, त्यात संध्याकाळी भजी बांधलेली असतात. म्हणून माझे मागणे थोडे आहे. माझ्या वाळवी लागलेल्या पायाला औषध लावा, माझ्यावर ब्लेड चालवू नका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना सोबत आणा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आणि तुमच्या गावच्या वाचनालयात कुणी वही घेऊन मोजायला आलेले दिसले, तर कामाची घाई असली तरी थोडा वेळ थांबा. त्यांना दिसाल असे उभे राहा.