उपटलेली छत्तीस झाडं

बियाणं घेताना तुम्ही विश्वास कुणावर ठेवता हो? दुकानदाराच्या गोड बोलण्यावर, की पिशवीवरच्या चित्रावर? विचारतोय खरा, पण मी स्वतःच पिशवीत आहे. मी सोयाबीनचा एक दाणा. रहिमतपूरच्या नानासोंच्या बियाण्याच्या दुकानात राहिलो, म्हणून बोलायची खोड दुकानदाराची लागली.

माझी पणजी इथलीच. पणजोबा परदेशातले, काळे, बारीक, वेलासारखे लोळणारे रानटी सोयाबीन. दिसायला फाटके, पण मुळं खोल आणि शेंगांचे झुपके. एका संशोधकाने मूठभर दाणे नानासोंना दिले होते.

नानासो सातवी शिकलेले. संकर करायला पुस्तकं वाचून शिकले. सकाळी सकाळी चिमटा घेऊन इवल्याशा फुलांवर वाकून बसत. रस्त्याने जाणारा एकजण ओरडला, "नानासो, फुलांची लग्नं लावताय, जेवाण कवा?"

"पोरं तर निपजू दे रं, मग बोलावतो!"

शंभर फुलांमागे चार शेंगा धरल्या. पुढच्या पिढीला चाळीस झाडं आली. एकासारखं दुसरं नाही. कुणी उंच, कुणी लोळणारं, कुणाची पानं अरुंद. कोरड्या रानात जास्त पिकेल असं झाड त्यांतूनच निवडायचं होतं.

शेजारी नानासोंचा नेहमीचा बियाण्याचा प्लॉट. तिथे भामाबाई भेसळ काढायच्या, म्हणजे वेगळं दिसेल ते झाड उपटायच्या. वीस वर्षांपूर्वी नानासोंनीच त्यांना शिकवलं होतं. एकदा नानासो सांगलीला गेले, तेव्हा भामाबाईंनी आपणहून आमचाही तुकडा साफ केला.

"आवं नानासो, ह्यो तुकडा लय घाण झालता. समदा एकसारखा केला बगा. ह्येची मजुरी नगं मला."

नानासोंनी ढिगातल्या शेंगा फोडून पाहिल्या. उपटलेल्या झाडांच्या शेंगा अजून कोवळ्या होत्या. त्यांचं बी धरणं शक्य नव्हतं.

"काय चुकलं व्हय?"

"न्हाई काकी. म्या शिकवलं तसंच केलंसा."

छत्तीस झाडं गेली. राहिली चार, तीही पणजीसारखी साधी. मी त्या चौघांच्या वंशातला. पणजोबांचं काही माझ्यात उतरलंय की नाही, मलाच ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी नानासोंनी वहीत लिहिलं, 'चाळीस झाडांतून चार निवडली.' पुढचे दोन हंगाम ते आम्हाला वाढवत राहिले, पण त्या ओळीला त्यांनी हात लावला नाही.

आज दुष्काळी माण तालुक्यातले बिराप्पा बियाणं घ्यायला दुकानात आले. घरची मेंढरं, एक एकर कोरडवाहू. नानासोंची वही गल्ल्यावर उघडी होती, त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली.

"चाळीसात चारच? बाकीची का टाकली?"

नानासोंचं माप पोत्यातच थांबलं. मला वाटलं, आता सांगतील.

"कमजोर हुती," ते म्हणाले.

"मग एकरभर हेच पेरतो. औंदा दुसरं काय बी न्हाई."

नानासोंनी पिशवी शिवली. बिराप्पांना पाणी दिलं, मेंढरांची चौकशी केली, पण मान वर केली नाही.

टेंपो बिराप्पांच्या माणकडे, दहिवडीच्या वाटेनं निघालाय. मी उगवेन, माझ्या परीने तग धरेन. बिराप्पांनी जे वाचलं, ते माझ्या अंगात असेलच असं नाही. तुमच्यापैकी कुणी नवा वाण घडवत असेल, तर हात जोडून सांगतो, काय निवडलं ते लिहा आणि काय हातून गेलं तेही त्याच पानावर लिहा. हिशोब खरा ठेवा. पेरणारा तेवढंच वाचून वर्ष जमिनीत घालतो.