राखेतली घरं

"बोट कुठं चाललंय तुझं, बनू? तिथं झेड राहतो. त्याच्याकडं रोज कोण जातं काय?"

पोरं हसली. बनूने हात मागे घेतला, डोळे मिटले आणि राखेने आखलेल्या घरांवर तो पुन्हा सोडला. बी, मधल्या मोठ्या घरातला ई, सी... हात बाजूला सरकला, फिरला आणि शेवटी पुन्हा मधल्या घरात आला. बिकॉज. सात अक्षरं, सात वेळा उचलून डाव्या मुठीत ठेवलेली.

"आता बसलं," दत्ताराम म्हणाला. "हाताला एकदा कळलं की डोक्याला विचारायला नाय लागत."

कापडे गावच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. रघुवीर गुरुजी दर शनिवारी सकाळी दहा शब्दांची स्पेलिंगं घेत, आणि ते दहा शब्द आदल्या संध्याकाळी दत्तारामच्या अंगणात पाठ होत. दत्तारामने बावीस वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवले होते. इंग्रजी शब्दांचे अर्थ त्याला फारसे ठाऊक नव्हते, उच्चार तर त्याहून कमी. पण कोणत्या शब्दात कोणत्या अक्षरामागे कोणतं अक्षर येतं, हे त्याच्या उजव्या हाताला पक्कं माहीत होतं. खिळ्यांच्या पेटीत जे अक्षर जास्त लागतं त्याचं घर मोठं आणि हाताजवळ. क्वचित लागणारं कडेला. म्हणून ई मध्ये आणि झेड कोपऱ्यात. डोळे अधू होऊन बारीक खिळे दिसेनासे झाल्यावर छापखाना सुटला. पेटी मात्र हातातून सुटली नाही. तीच तो दर शुक्रवारी चुलीतल्या राखेने अंगणात आखी.

गाव त्याला 'उलट्या' म्हणे. खिळे उलटे वाचून वाचून आलेलं पत्रही तो उलटं धरी. कुशाबा तर चारचौघांत विचारी, "छापखान्यात झाडू मारीत असल हा. वाचणारा माणूस कागद असा धरतो काय?"

दत्ताराम पत्राची घडी करून खिशात ठेवी. पण गेल्या पावसाळ्यात गुरुजी स्वतः त्याच्या पायरीवर येऊन बसले होते. महाडचे, शिकलेल्या घरातले गुरुजी. म्हणाले, "दत्ताराम, माझी इंग्रजी किती ते मला माहीत आहे. पोरं तुमच्या हातांनी शिकतायत. दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला येतील ना, तेव्हा त्यांच्यासमोर तुमचं नाव घेईन. गावालाही कळू दे."

दत्तारामने हे मागितलं नव्हतं. पण गुरुजी बोलून गेले आणि त्या दिवसापासून तो वाट पाहू लागला.

तपासणी शनिवारीच आली. त्याच्या बायकोने, साळूबाईने, ट्रंकेतून मुंबईचा कोट काढला, त्याला डांबरगोळ्यांचा वास होता.

"शाळेत जायला कोट कशाला गो?"

"नाव घेतल्यावर उभं राहायला लागल ना," ती म्हणाली. "मग नीट दिसाय नको?"

शाळेच्या पडवीत दहाबारा माणसं जमली होती, कुशाबाही होता. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. साहेबांनी शब्द विचारला. बनू उठली. तिचा उजवा हात हवेत फिरला, डाव्या मुठीत काहीतरी ठेवत गेला, आणि स्पेलिंग बरोबर आलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. दहाही शब्द बरोबर आले. साहेब खूश झाले.

"पण गुरुजी, हे हातवारे कसले?"

पडवीत दत्तारामने कोटाचं वरचं बटण लावलं.

गुरुजींनी एकवार खिडकीकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून ते हसले. "गावात एक अडाणी म्हातारा आहे, साहेब. छापखान्यात हमाल होता. त्याच्या नादाने पोरांना ही खोड लागली. मोडतोय मी." आणि मुलांकडे बघून, "हाताची घडी."

चौदा पोरांनी हाताची घडी घातली. बनूनेही.

"बाकी तयारी छान करून घेतलीत," साहेब म्हणाले.

"आपली कृपा."

कुशाबा हसला असता तर बरं झालं असतं. तो घसा खाकरून डोंगराकडे बघू लागला.

घरी साळूबाई दारातच होती. "घेतलं नाव?"

"घेतलं," दत्ताराम म्हणाला आणि कोट तिच्या हातात दिला.

पुढच्या शुक्रवारी त्याने सवयीने राख आखली. पोरं आली. घरांभोवती न बसता ओळीत बसली, घडी घालून. बनूने कागद पुढे केला.

"आबा, गुरुजींनी दहा शब्द दिलेत. सराव घ्या म्हणाले. पण हाताशिवाय."

दत्तारामने कागद घेतला, उलटा धरला. पहिला शब्द ब्रिज. त्याने हजार वेळा जुळवलेला. कागद खाली ठेवून त्याने पोरांसारखी घडी घातली आणि डोळे मिटले. बी आला. आर आला. त्यापुढे काहीच आलं नाही. घडीतला हात एकदा सुटायला धडपडला. त्याने तो काखेत घट्ट दाबला. तरी काही नाही.

"मला नाय येत गो असं," तो शेवटी म्हणाला.

"मग गुरुजींना काय सांगू?"

"सांग, म्हातारा अडाणी हाय."

बनू हसली. मग त्याच्याकडे बघून थांबली, कागद उचलला आणि निघाली. बाकीची तिच्यामागून गेली.

दत्ताराम राखेपाशी उकिडवा बसला. छापखान्यात छापून झालं की जुळवलेलं पान मोडायचं आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत ठेवायचा, नाहीतर सकाळी येणाऱ्याला काही सापडत नाही. त्याने डावी मूठ उघडली. तिच्यातून एकेक अक्षर उचलून तो ज्याच्या त्याच्या घरात सोडू लागला. मधल्या मोठ्या घराकडे हात सारखा जात होता.

साळूबाई केरसुणी घेऊन बाहेर आली. राखेच्या कडेशी थांबली.

"झाडू का?"

"थांब," तो म्हणाला. "दोन राहिलीत."