समितीच्या दाराबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे. अंगाने रुंद, पायाने भक्कम, एका हातावर जरासा खरचटलेला. नदी, झरे, विहिरी, पाऊस यांची मोजदाद करणाऱ्या एका जलविज्ञान मंडळाच्या कचेरीत, बैठकीच्या खोलीबाहेर मी भिंतीला पाठ लावून उभा असतो. नुसता बाक म्हणून नाक मुरडू नका हं, मित्रांनो! या मंडळातल्या भल्याभल्यांना मी मांडीवर घेतलं आहे.

माझा जन्म पाण्यातला. म्हणजे मी आधी होडी होतो. मंडळाची माणसं मला पुरात घालायची, एक जण वल्हवायचा आणि दुसरा माझ्या काठावरून वाकून पाण्याचा वेग मोजायचा. वीस वर्षं मी हेच केलं. मग माझा तळ कुजला आणि मला सरपणाला काढायचं ठरलं. तेवढ्यात मंडळाचे म्हातारे सुतार आडवे आले. "फळ्या अजून खणखणीत आहेत हो, जाळताय काय!" असं म्हणत त्यांनी चांगल्या तेवढ्या फळ्या निवडल्या, चार दिवस रंधा मारला आणि मला बाक केलं. त्या सुतारबाबांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

पुढे एकदा प्लास्टिकच्या खुर्च्यांचं वेड आलं. मला उचलून जिन्याखाली टाकलं. पाच वर्षं माझ्यावर रिकामी खोकी आणि एक मोडका पंखा होता. धूळ तर विचारूच नका! मग एक दिवस मंडळाचे एक वजनदार सभासद प्लास्टिकच्या खुर्चीसकट जमिनीवर आले, आणि दुसऱ्याच दिवशी मला बाहेर काढून पुसलं गेलं. कुणी पडलं म्हणून आनंद मानू नये. पण मला झाला, खोटं कशाला बोलू?

आता माझं खरं काम सांगतो. दर वर्षी मंडळ मोठ्या कामाबद्दल एकाला मानपत्र देतं आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना अनुदान देतं. अनुदान कुणाला द्यायचं ते पाच जणांची समिती ठरवते. तिचा एक कडक नियम आहे. अर्ज करणारा आपल्या नात्यातला असला, किंवा आपण त्याला शिकवलेलं असलं, तर समितीतल्या माणसाने त्या अर्जापुरतं उठून बाहेर जायचं. बाहेर म्हणजे कुठे? माझ्यावर! आत दुसऱ्यांच्या मुलांवर तावातावाने बोलणारी माणसं माझ्यावर बसली की नखं खात बसतात. मला फार मौज वाटते.

आणि एक गुपित. खोलीच्या दारावर एक झरोका आहे. त्याची खिट्टी मोडली आहे, त्यामुळे तो कधीच बंद होत नाही. आतलं सगळं मला ऐकू येतं. खिट्टी बदला असं नियमावलीत कुठेच लिहिलेलं नाही.

त्या वर्षीची गोष्ट. वार्षिक सभेचा दिवस होता. सकाळचे ठराव झाले आणि सगळे सभासद बस करून लांबचा बंधारा पाहायला गेले. साडेसहाला परत यायचे, मग मानपत्राचा कार्यक्रम, आणि त्यातच अनुदानाची नावं वाचायची. मागे राहिली ती फक्त समिती. शिवाय माझ्यावर तिघं जण.

त्यातले दोघे होते पट्टीकाका आणि काकू. नदीवरच्या पुलाच्या खांबाला आकडे रंगवलेली पट्टी असते ना, पाणी किती चढलं ते दाखवणारी? काका चौतीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ती पट्टी वाचून वहीत लिहीत आले होते. शास्त्रज्ञ नाहीत, शिक्षण बेताचं. तरी त्या वर्षीचं मानपत्र त्यांना होतं. सहलीला का नाही गेलात असं शिपायाने विचारलं, तर म्हणाले, "बंधारा काय बघायचा? आमच्या पुलाजवळच आहे तो, त्याचा आवाज ऐकून ऐकून तर अर्धा बहिरा झालो." म्हणूनच ते मोठ्याने बोलायचे. पण त्या दिवशी माणूस गप्प गप्प होता. काकूंनी दिलेला चहासुद्धा त्यांनी तसाच निवू दिला.

तिसरी एक विद्यार्थिनी. मी तिला मनात झरेवाली म्हणायचो. एका शहराच्या वरच्या अंगाला डोंगरात सात झरे आहेत. पुढच्या वर्षी तिथे शहरासाठी नळ टाकायचं काम सुरू होणार होतं. त्याआधी पूर्ण वर्षभर झऱ्यांचं पाणी मोजायचं तिच्या मनात होतं. एकदा नळ बसले की मूळचं पाणी किती होतं ते कुणालाच कळणार नाही, आणि झरे आटले तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पदरचे पैसे घालून तिने दोन महिने मोजलंही होतं. बादली झऱ्याखाली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. पण पुढचं वर्षभर तिथे राहायला आणि यायला-जायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. अनुदान आज मिळालं तर मिळालं, नाहीतर झरे हातचे गेले. तिच्या तळहातांना सुटलेला घाम माझ्या कडेला लागत होता.

तिचा अर्ज शेवटचा होता. तो निघाला आणि दार उघडून एक गृहस्थ बाहेर आले. ते तिचे सख्खे मामा. "भाची आहे, मी बाहेर थांबतो," असं आत सांगून ते माझ्यावर टेकले. पाठोपाठ कॉलेजातल्या मॅडम आल्या, त्यांनी तिला तीन वर्षं शिकवलं होतं. मग प्रयोगशाळेचे सर आले, कारण ती सध्या त्यांच्याच हाताखाली काम करत होती. चौघांचा मी, त्या दिवशी माझ्यावर सहा जण! माझे सांधे कुरकुरले.

बाहेर बसलेल्यांनी उमेदवाराशी बोलायचं नाही, हाही नियमच. मामा समोरच्या भिंतीकडे बघू लागले, मॅडम छताकडे, सर स्वतःच्या बुटांकडे. भाचीला खोकला आला तेव्हा मामांनी खिशातून गोळी काढली, दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, खोकल्याची गोळी दिली तर ती शिफारस होते का हो?"

"द्या, द्या. मी पाहिलं नाही," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं. "अहो, तुम्ही तिघंही इथे? मग आत कोण?"

आली का पंचाईत! निर्णयाला कमीत कमी तीन माणसं लागतात, आणि आत राहिले होते अध्यक्षबाई आणि चिटणीस, दोघंच. खरं तर मामांचं आडनाव वेगळं. भाचीने नात्याचा रकाना कोरा ठेवला असता तर कुणाला सुगावा लागला नसता. पण तिने तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'सख्खे मामा समितीवर आहेत.' एवढी सरळ माणसं एका जागी जमली आणि काम अडून बसलं.

चिटणीसांनी सहलीला गेलेल्यांना फोन लावले. एकही लागला नाही. "नावं ते परतायच्या आत पक्की व्हायला हवीत. मग हा अर्ज पुढच्या वर्षी," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. झरेवालीने मान खाली घातली. मामांच्या हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला.

चिटणीस नियमावली चाळत होते ते एकदम थांबले. "बाई, तिसरा माणूस मंडळाचा सभासद असला आणि मुलीच्या ओळखीचा नसला की झालं. सकाळच्या ठरावाने आपण पट्टीकाकांना मानद सभासद केलंय की!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा!

काका तर घाबरलेच. "मी? अहो, मला त्यातलं काय कळतंय!"

"चला, उठा," काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षं नदीवर डोळा ठेवलात, आता घटकाभर कागदावर ठेवा."

काका आत गेले. दार लागलं. झरोका उघडाच होता.

अध्यक्षबाईंनी आपली शंका सरळ मांडली. मुलगी हुशार आहे, विषय चांगला आहे. "पण काका, हिच्या दोन महिन्यांच्या वहीत नऊ दिवस कोरे आहेत. गेल्या वर्षी एकाला अनुदान दिलं, तो काम अर्ध्यावर टाकून गेला. मंडळ तोंडघशी पडलं. ही वर्षभर टिकेल कशावरून?"

बाहेर झरेवालीने माझी कड घट्ट धरली. पानं उलटल्याचा आवाज आला. मग काकांचा तो नदीकाठचा खडा आवाज, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"बाई, कोऱ्या दिवसांपुढे तिनं कारण लिहिलंय. हे बघा, 'ताप'. 'बस आली नाही'. 'बादली फुटली'. इथे लिहिलंय, 'झोप लागली, माझी चूक'." वही मिटल्याचा आवाज आला. "मला एक सांगायचंय. सकाळपासून पोटात घेऊन बसलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या मेव्हणीचं लग्न होतं. तीन दिवस मी पट्टी वाचलीच नाही. परत आलो आणि आदल्या दिवशीचाच आकडा तीनदा लिहून टाकला. नंतर कुंपणाला अडकलेलं गवत पाहिलं तेव्हा कळलं, त्या तीन दिवसांत पाणी दोन हात चढून उतरलं होतं. ते खोटे आकडे तुमच्या पाणीपातळीच्या छापील पुस्तकात अजून तसेच आहेत."

बाहेर सर बुटांकडे बघायचे थांबले.

"काका, इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" अध्यक्षबाईंचा आवाज उतरला होता.

"खाई त्याला खवखवे, बाई. लोक म्हणायचे, काकांच्या वहीत चूक सापडायची नाही. कौतुक गोड लागतं हो! पुढे मी एकही आकडा मनानं भरला नाही. दोनशे अकरा दिवस कोरे सोडलेत. पण ते तीन काही मनातून गेले नाहीत. या पोरीकडे जी हिंमत आहे ती मला तेव्हा नव्हती. तुम्ही माझं मानपत्र राहू द्या. मी आमच्या बाईला घेऊन जातो घरी, आमचं काही म्हणणं नाही. पण या पोरीला आजच द्या. झरे वर्षभर थांबायचे नाहीत."

"माझ्या बहिणीच्या लग्नावर खापर!" काकू बाहेर पुटपुटल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. "माणूस बोलला एकदाचा. चौतीस वर्षं झोपेत आकडे बडबडायचा, मला वाटायचं हिशेब करतोय."

झरेवालीने त्यांचा हात हातात घेतला. उमेदवाराने काकूंशी बोलू नये असा काही नियम नव्हता.

पाच मिनिटांनी दार उघडलं. अध्यक्षबाई स्वतः बाहेर आल्या. नावं संध्याकाळी वाचायची पद्धत आहे, पण त्या मुलीचा चेहरा पाहून त्यांना धीर धरवला नाही. "तिघांचंही एकमत. सामान बांध. आणि नवी बादली घे, लोखंडी घे."

पोरगी रडली, मित्रांनो. मामांना आता बोलायला मोकळीक होती, तर त्यांनी खिशातल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या. पट्टीकाका मात्र दारातच उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. त्यांना अध्यक्षबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही कुठेही जायचं नाही. साडेसहाला पहिल्या रांगेत बसायचं."

मानपत्रात छापलं होतं, 'चौतीस वर्षांत एकही चूक न करता'. अध्यक्षबाईंनी माझ्यावर बसून त्यावर पेनाने रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'दोनशे अकरा दिवस कोरे ठेवून, आणि तीन दिवसांची चूक स्वतः सांगून'. संध्याकाळी तसंच वाचलं. टाळ्या इतक्या वाजल्या की काकांनाही नीट ऐकू आल्या असतील. पुढच्या छापील पुस्तकात त्या तीन तारखांपुढे कोरी जागा आहे.

मला पॉलिश करून अकरा वर्षं झाली. पावसाळ्यात माझा डावा पाय फुगतो. पण माझी तक्रार नाही. सुतारबाबांनी मला वाचवलं, मंडळाने दारापाशी जागा दिली, आणि माझ्यावर बसून माणसं थोडी साधी होतात हे मला पाहायला मिळालं. यापेक्षा एका लाकडाने काय मागावं? मागायचंच तर एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या वहीत जे पाहिलं नाही तिथे काही लिहू नका. कोरी जागा दिसायला वाईट दिसते, पण पुढच्या माणसाला ती फसवत नाही. आणि माझ्यासारखं जुनं लाकूड कुठे दिसलं तर ओला फडका मारायला लाजू नका.

आणि हो, त्या सभेनंतर वर्षाने झरेवाली परत आली. उन्हाने काळवंडलेली, हातात जाडजूड वही. माझ्यावर जेमतेम टेकली तोच अध्यक्षबाई लगबगीने बाहेर आल्या. त्यांनी झऱ्यांचं विचारलं नाही, तब्येतीचं विचारलं नाही.

"कोरे किती?"

"सतरा, बाई."

"कारणं?"

"सगळी लिहिली आहेत."

अध्यक्षबाई तिच्या शेजारी बसल्या, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.