गोपीचंदाचा पाळणा आणि ते बिनडोक चाक

आमच्या गावच्या जत्रेत गोपीचंदाचा लाकडी पाळणा होता तोवर जत्रेला जत्रा म्हणावं. चार डोल्या, मधे सागाचा खांब आणि डोल्या खांद्यानं रेटून वर चढवणारा गोपीचंद. त्या पाळण्याच्या शेंड्यावरून मी स्वतः पार तिकडं लांब वसमतच्या बाजारात कोणाची हळद ओली आहे ते ओळखून दाखवलं आहे. नसेल पटत तर राहू द्या.

त्या पाळण्याचा एक रिवाज होता. नवरा-बायकोची डोली वर गेली की गोपीचंद पाळणा धरून ठेवायचा आणि खालून म्हणायचा, "नाव घे बाई, न्हाईतर मुक्काम तिथंच." बाईनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं की डोली खाली. तातेरावाच्या बायकोनं, सुमनबाईनं, एका साली रागानं तोंडच उघडलं नाही. गोपीचंद खांबाला दोर बांधून घरी गेला, जेवला, झोप काढून परत आला, तेव्हा कुठं ती बोलली. तोवर तातेरावाच्या पागोट्यात चिमणीनं काड्या आणून टाकल्या होत्या.

हा तातेराव माझा लहानपणापासूनचा दोस्त. वर्षभर बायकोच्या तोंडून त्याला नुसतं 'अहो' आणि 'ऐकलं का' मिळायचं. स्वतःचं नाव तो जत्रेत, पाळण्याच्या शेंड्यावर, एकदाच ऐकायचा. छत्तीस वर्षं त्यानं एक जत्रा चुकवली नाही. लोक देवासाठी येत, हा त्या दोन ओळींसाठी.

गोपीचंद गेला आणि दोन हजार चार साली कुठला तरी ठेकेदार लोखंडी चाक घेऊन आला. लाल-निळे दिवे, कान फाटेल असा भोंगा, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक बाबू. चाक तीन मिनिटं फिरायचं, शिट्टी वाजली की उतरा. कोणाची डोली वर थांबायची नाही. त्यात बायकांच्या डोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. देवळात एवढं सोवळं नाही.

"मुंज्या, हे काय करून राहिले रे?" तातेराव मला म्हणाला. "ती एका डोलीत अन् मी दुसऱ्या. नाव कोनाला ऐकू घालंल ती, कावळ्याला?"

"वरून वरडून सांगंल," मी म्हणालो.

"भोंग्यात ऐकू येतं का काही? काहून आनलं असंल हे बिनडोक?"

तरी तो तिकीट काढून पुरुषांच्या रांगेत, भोंग्याच्या अगदी बुडाशी, जाऊन उभा राहिला. आशा मोठी वाईट. मी रांग सोडून बायकांच्या तिकीट-खिडकीपाशी गंमत बघत राहिलो. सुमनबाईचा नंबर आला. बाबूनं वही उघडली.

"आजी, पती का नाम?"

"कशाला?"

"साठीच्या वरच्या लेडीजचं लिहावं लागतं. काही झालं तर कुणाला बोलवायचं?"

"ते काय तिथं उभे हायेत. पागोटंवाले. बोलव की."

"पागोटं नाही लिहिता येत. नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

मागच्या बाया ढकलू लागल्या. उखाण्याशिवाय नाव कसं घ्यावं? सुमनबाईनं पदर सावरला, त्या चाकाकडं शेण बघावं तसं बघितलं आणि सुरू केलं,

"लोखंडाच्या चाकाला पत्र्याचं दार,
तातेरावांचं नाव घेते, पाळण्याची वाट लागली पार."

बाया फिदीफिदी हसल्या. त्या दगडानं वहीत फक्त 'तातेराव' लिहिलं आणि "नेक्स्ट" म्हणाला. एवढा उखाणा त्याच्या बापजन्मात कोणी त्याला ऐकवला नसेल, आणि हा म्हणतो नेक्स्ट.

सुमनबाई तिकीट घेऊन नवऱ्याकडं आली. मीही गेलो. "चला घरी," ती म्हणाली. "मला न्हाई बसायचं त्या डब्यात."

"अन् नाव?"

"घेतलं की खिडकीवर. ह्या सालचं झालं."

तातेरावाचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. "मला ऐकूच आलं न्हाई," तो म्हणाला. "परत घे ना."

"सालातून एकदा म्हंजे एकदा. रीत हाय ती."

तो माझ्याकडं वळला. "मुंज्या, तू होतास ना तिथं? काय म्हनली?"

मी घसा साफ केला. "बराबर ध्यानात हाय माझ्या. ऐक. लाल-निळ्या चाकाला सोन्यावानी दिवे, तातेराव जुने झाले, आना कुनी नवे."

तातेराव हादरला. "असं म्हनली?"

"सगळ्या बाया साक्षीला हायेत."

"जीभ झडंल, भावजी," सुमनबाई कडाडली. "मी त्या भंगाराचं कौतुक करीन? अहो, ह्याचं ऐकू नका. मी असं म्हनले," आणि तिथंच, भोंग्याच्या वर आवाज काढून, तिनं खरा उखाणा पहिल्यापासून शेवटापर्यंत घेतला. 'तातेरावांचं'वर तर असा जोर दिला की शेवेच्या दुकानातला माणूस ओ देता देता राहिला.

तातेरावानं पागोटं काढून परत घातलं. सुमनबाई मात्र आपण काय करून बसलो ते कळून तरातरा पुढं निघाली.

त्यानं खिशातलं आपलं तिकीट माझ्या हातात कोंबलं. "जा, तू बस. तुझ्याच लायकीचं हाय ते." आणि तो तिच्या मागं पळाला.

फुकट होतं म्हणून मी बसलो. पार वर जाऊन आलो. वसमत सोडा, शेजारच्या रानातली म्हैससुद्धा नीट दिसली नाही.