देवचाराच्या वळणावर दोन बॅटरीच्या गाड्या

पात्रांव, म्हणजे मालक म्हणा, पट्टा बांधा आणि बरे टेकून बसा. बॅग मागे नीट आहे, तिची काळजी सोडा. मोपाच्या विमानतळाच्या सड्यावरून डिचोली येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. तुमच्या मोबाईलातल्यापेक्षा बरी आहे, कारण हिच्यात मी आहे. मघाशी विचारलंत ना, ही बॅटरीची गाडी पळते कशी म्हणून? ती पळते कशी आणि हरते कशी, दोन्ही सांगतो.

मी शिवदास. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं टिपरवर शिकलो. खाण चालू होती तेव्हा डिचोलीला माल भरायचा, नदीवर नेऊन बार्जीत, त्या मोठ्या पडावात, ओतायचा. माझ्या मागे नाय तर पुढे कायम गुरुदासचा टिपर. हळर्णचा गुरुदास. एक उंडा पाव मधे मोडून खाणारी माणसं आम्ही. त्याच्या घरी नवस असला तर कोंबडा मी धरायचा.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. खाणीच्या रस्त्यावर उतारावर एक आंधळं वळण आहे, तिथं देवचाराचा दगड. देवचार म्हणजे राखणदार, त्या डोंगराचा मालक म्हणा. मला काय ठाऊक? मी तिथंच गुरुदासला कापून पुढे घुसायला गेलो. त्यानं टिपर आडवा घातला, खाली उतरला आणि खिडकीतून माझी गळपट्टी धरली.

"मरायचा आसा तर एकटो मर रे! देवचाराक मदीं घालू नको!"

मग त्यानंच शिकवलं. दगड दिसला की पाय काढायचा, हॉर्न द्यायचा, हात कपाळाला लावायचा. दगड मागे पडेपर्यंत कोणी कोणाला मागे टाकायचं नाय. त्याच्या दारातून भांडत जायचं नाय. भरलेला असो की रिकामा, सगळे टिपरवाले हे पाळायचे. एवढा माल गेला त्या उतारावरून, पण त्या वळणावर कधी कोण मेला नाय.

पुढे खाण बंद पडली. टिपर गंजले. आम्ही टॅक्सीला लागलो. मोपाला विमानं यायला लागली आणि आम्हा दोघांना बॅटरीच्या गाडीची हौस सुटली. मी ही घेतली, लहान. त्यानं घेतली मोठी, पांढरी, पाहुण्यांच्या बॅगा मावतील अशी. झालं! पेडण्याला महादेवच्या हॉटेलात रोज सकाळी भाजी-पावाबरोबर आमच्या गाड्याच चघळायच्या.

"शिवा, तुजी गाडी म्हणजे बोकड," गुरुदास म्हणायचा. "एक उडी मारता, मगे धापा टाकता."

"आणि तुजी म्हस! तळ्यातसून उठतासर पाहुण्याचा विमान जाता."

महादेव गल्ल्यावरून म्हणायचा, "पण एकदा उठली की म्हस कोणाचा आयकता काय?"

खोटं नव्हतं ते. ही माझी, सिग्नलला उभी असते आणि नुसता पाय टेकवला की पाठ सीटला चिकटते. इंजिनाची गाडी गियर टाकेपर्यंत ही नजरेआड. पण शंभरच्या वर गेली की हिचा जीव संपतो, एकशेवीसला तर हात जोडते. त्याची उठायला जड, पण एकदा लागली की चढतच जाते, एकशेचाळीसला सुद्धा पोटातलं पाणी हलत नाय. उडी माझी, धाव त्याची.

हे सगळं हसण्यावारी होतं. मग विनोदिनीबायचं काम आलं.

हळर्णला नदीच्या काठी तिनं पाहुण्यांना खोल्या बांधल्यात. ती म्हणाली, "मला सबंध सीझन एकच गाडी हवी. तुम्ही दोघेही माझेच, मी कोणाला नाही म्हणू? तुम्हीच ठरवा आणि सांगा." पात्रांव, विमानतळावर आता गाड्या जास्त आणि माणसं कमी. दिवस दिवस नंबर लागत नाय. ते काम मिळालं तर मी माझ्या गाडीचा मालक, नाय तर परत कोणाच्या तरी टेम्पोवर बदली ड्रायव्हर. ह्या वयात दुसऱ्याची चावी मागायची. गुरुदासचंही तेच होतं, नाय कशाला म्हणू?

महादेव म्हणाला, "रोज भांडता त्यापेक्षा एकदा पळवा." टॅक्सीचं पासिंग झालं की वेगाला कुलूप घालतात, आमच्या नव्या गाड्यांचं ते अजून व्हायचं होतं. आणि मग गुरुदास सगळ्यांच्या देखत म्हणाला, "अंतर शिवा म्हणतलो तेवढा. लांब नको, त्याची गाडी लहान. रस्तो मात्र आमचो खाणीचो, जुन्या वजनकाट्याकडसून सुरू."

अंतर कमी म्हणजे उडी मारणारा जिंकला, हे पोरासोरांना कळतं. महादेव माझ्या कानात म्हणाला, "शिवा, तो तुका जिंकून देता रे." माझे डोळे भरले. मी अंतर सांगितलं, काट्यापासून उताराखालच्या मोरीपर्यंत. दुसरी खूणच नाय त्या रस्त्यावर.

घरी बायकोला, सुमनला, सांगितलं. ती तव्यावर बांगडा परतत होती. म्हणाली, "द्यायचाच आसा तर सरळ दी म्हणा. पळवता कित्याक?"

मी म्हटलं, "तुला मित्र म्हणजे काय ते कळायचं नाय."

सकाळी गेलो. महादेव लाल टॉवेल घेऊन मोरीवर उभा, बरोबर स्टँडवरची चार माणसं. आम्ही काट्याकडे गाड्या लावल्या. एकमेकांकडे बघून तीन हॉर्न, आणि सोडल्या.

टिपरची शर्यत असती तर डोंगर हलला असता. इथं काही नाय. नुसता वारा आणि टायरखाली खडी. माझी अशी उडाली की आरशात गुरुदासची गाडी काड्यापेटीएवढी झाली. साठ, ऐंशी, नव्वद. शंभरला हिनं दम टाकला आणि आरशात तो मोठा व्हायला लागला. होऊ दे म्हटलं. माझा हिशेब बरोबर होता. मोरी येईपर्यंत तो माझ्या शेपटीलाच राहणार होता.

आणि वळण आलं.

दगडावर कोणीतरी नवं लाल फडकं घातलं होतं. पात्रांव, मी काही ठरवलं नाय. पाय आपोआप निघाला. हात हॉर्नवर, मग कपाळाला. आणि ह्या गाडीचं कसं आहे, पाय काढला की ब्रेक दाबायलाच लागत नाय, ती आपणच धरते. वीज मागे बॅटरीत जाते म्हणतात. मागून कोणी सदरा धरून ओढावं तशी गाडी बसली. मी आरशात बघितलं, म्हटलं गुरुदासचाही हात कपाळाला गेला असेल, बघू. आरसा रिकामा.

तो माझ्या बाजूला होता. हॉर्न नाय, मान वळवली नाय. देवचाराच्या दारातून, त्याच आंधळ्या वळणावर, मला कापून गेला. मी पाय दाबला, पण बोकडाची उडी उभ्यावरून असते. पळतापळता मागितली तर कुठून देणार? महादेवचा टॉवेल त्याच्यासाठी पडला.

मी उतरलो. म्हटलं, "गुरुदास... देवचार?"

"अरे शर्यतीत कसलो देवचार?" तो हसत होता. "खाण बंद झाली, तोय रिटायर! आणि बॅटरीची गाडी, आवाजच नाय. ताका कळला पण नसतला!"

सगळे हसले. मीपण हसलो, काय करणार? महादेव तेवढा हसता हसता थांबला आणि टॉवेल घडी घालत बसला.

मग गुरुदास गाडीत बसायला वळला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "राग धरू नको. तू पाय काढतलोच, हो माझो भरवसो होतो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं शिकवलेलं मी जन्मभर पाळलं, आणि तेवढंच धरून त्यानं मला पाडलं. रस्ता त्यानं निवडला, सुरुवात त्यानं निवडली. अंतराचं मोठेपण मला दिलं, आणि मी डोळे भरून घेतलं.

विनोदिनीबायला फोन मीच केला. "बाय, गुरुदासची गाडी घे." दुसरं काय सांगणार? मोरी त्यानं आधी गाठली, हे खरंच आहे. सुमननं विचारलं, कोण जिंकलो? मी ताट सरकवून उठलो. ही गाडी तिनं विकू दिली नाय म्हणून तुम्ही आज हिच्यात बसलात. दिवसा टेम्पो, विमान उशिराचं असलं तर ही.

आता बघा, हे आलं ते वळण. हा पाय काढला. कळलं, कशी धरते आपणच? हॉर्न देतो, दचकू नका.

थांबवतो जरा. हा दगड. मी जाता-येता एक विडी ठेवतो, त्याला आवडते, मग तो वाट राखतो. खिशात दोन आहेत. दुसरी गुरुदासच्या नावाची. विनोदिनीबायच्या पाहुण्यांना मये तळं दाखवायला तो ह्याच रस्त्यानं नेतो. पाय काढत नाय, हॉर्न देत नाय, आणि वळण अजून आंधळंच आहे. म्हणून दर खेपेला ती विडी काढतो. पण हात पुढे जात नाय, पात्रांव. परत खिशात जाते.

तुमचं त्याच्याशी काही वैर नाय. घ्या ही. तेवढी उतरून ठेवा त्या दगडाकडे, आणि नाव हळू घ्या, मला ऐकू यायला नको.