पिशव्या काढण्याआधीची दाढी

वाचून वाचून डोळ्यांखाली जमवलेल्या पिशव्या काढणार असलेल्या सर्जनच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का?' एवढंच त्यांनी विचारलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली माझी चिमुकली ॲस्पिरिन कळवून एवढ्या मोठ्या माणसाचा वेळ कशाला खा!

आज दाढी करताना हनुवटी कापली. टॉवेल लाल झाला, तरी रक्त थांबेना.

"अहो, देखणं व्हायला निघालात ना," बायको म्हणाली, "दाढीला ही तऱ्हा, मग डोळ्याजवळ सुरी लागल्यावर? आंधळे व्हाल, पण तरुण दिसाल हो!"

मी सर्जनना लिहिलं, 'ॲस्पिरिन घेतो. थांबवायची का, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारतो. तोवर शस्त्रक्रिया पुढे ढकला.'

हनुवटीवर कापूस दाबत पत्र पेटीत टाकलं.