पडद्यावर बसलेली चौकट

दिपालीने ओल्या फडक्याने पडदा पुन्हा पुसला, मॉनिटर बंद केला, चालू केला. चौकट तिथेच होती. वजनाचा प्रोग्राम मिटवला तरी त्याच्या रेषा आणि 'भरलेली गाडी', 'रिकामी गाडी' ही अक्षरं मळकट डागासारखी मागे राहायचीच.

"ते आता नाही निघत, दिपालीताई," पांढुर्ण्याहून आलेला मेकॅनिक सौरभ बॅग आवरत म्हणाला. "वर्षानुवर्षं दिवसभर एकच चित्र ठेवलं न, ते बसून गेलं त्याच्यात. नवाच घ्या लागन."

गुणवंतामामा दारात उभे राहून ऐकत होते. कापसाची गाडी काट्यावर चढली तसे तिकडे वळले.

सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा वजनकाटा मामांचा. वडील गेल्यावर दिपालीला आणि तिच्या आईला त्यांनीच घरी आणलं, दिपालीला शिकवलं. त्यांचा मुलगा कुलदीप पुण्यात रमला. कॉलेज संपल्यावर दिपाली काट्याच्या या काचेच्या खोलीत बसली, ती चार दिवसांसाठी म्हणून. कापूस संपला की संत्री यायची, संत्री संपली की पुन्हा कापूस. मामा तिला 'राहा' असं कधीच म्हणाले नाहीत. म्हणूनच 'जाते' म्हणायला तिला जागा सापडत नव्हती.

मामा जेवायला गेले असताना तिने याच कॉम्प्युटरवरून नागपूरच्या एका गोदाम कंपनीला मुलाखत दिली होती. पडद्यावरच्या बाईंच्या कपाळावर 'भरलेली गाडी', हनुवटीखाली 'रिकामी गाडी'. बाई हसून प्रश्न विचारत होत्या, आणि दिपालीला वाटत होतं, त्याही या खोलीतच कोंडल्या आहेत. तरी नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. हे फक्त आईला ठाऊक होतं.

"तूच सांग मामाले," आई म्हणाली होती. "माही तं हिंमत नाही होत."

शनिवारी दुपारी मामा बसमधून उतरले ते छातीशी मोठं खोकं धरूनच.

"पाह्य," ते धापा टाकत म्हणाले. "दुकानातला सगळ्यात मोठा."

एवढा मोठा पडदा, म्हणजे आता आणखी दहा वर्षं इथेच, दिपालीला वाटलं. तिने खाली मान घालून वायर जोडली, पारदर्शक कागद सोलला. पडदा उजळला, कोरा करकरीत. आत्ता बोललं नाही तर कधीच बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं.

"मामाजी..."

"सरक जरा." मामांनी तिची खुर्ची ओढली आणि स्वतःच बसले. खिशातून चष्मा काढला. "अक्षरं मोठी कर."

तिने केली.

"अजून मोठी. मले या चष्म्यातून नाही दिसत."

"तुमाले कायले पाहा लागते? मी हाव न."

"सोमवारी कुठं हायस तू?" मामा पडद्याकडेच पाहत होते. "परवा नागपूरहून फोन आला होता. तू गाडीवाल्यासोबत बाहेर बोलून राहिली होती. बाई म्हने, सोमवारी कामावर येताना फोटो आन."

दिपालीच्या हातात तो सोललेला कागद चुरगळला.

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

"तू बोलशील म्हनून थांबलो."

बाहेर हॉर्न वाजला. संत्र्याची गाडी काट्यावर येऊन उभी होती. मामांनी काचेतून तिचा नंबर वाचला आणि एक बोट कीबोर्डवर फिरवू लागले.

"एम... एम कुठं हाय इथं?"

दिपालीला तो केव्हाच दिसला होता. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि त्यांना सापडेपर्यंत ती तशीच उभी राहिली.